पाऊस जास्त, तिथं जा

हिरेमठ सर पाहुण्याला आधी पाणी विचारत नसत, पाऊस विचारत. "कुठनं आलात? टेंभुर्णी? यंदा किती झाला तिकडं?" माणूस बिचारा एसटीतून उतरून धूळ झटकत उभा, घशाला कोरड पडलेली, आणि हे समोर वही उघडून बसलेले. एकदा तपासणीला साहेब आले, तर त्यांनाही ह्यांनी सोडलं नाही. साहेब निघाले कोकणातले. त्यांनी आपल्या गावचा पाऊस सांगितला, तो सरांनी वहीत दोनदा अधोरेखित केला. मग हळूच म्हणाले, "आणि तरी तुम्ही तिथनं हिकडं आलात?" साहेबांना तो टोमणा वाटला. त्या वर्षीचा शेरा आम्हा सगळ्यांच्या वाट्याला आला.

मी त्याच शाळेत मराठी शिकवत होते. भूगोलाचं मला काडीचं प्रेम नाही, हे आधीच सांगून टाकते. पण सरांचं टेबल माझ्या टेबलाला लागून आणि त्यांचा नववीचा वर्ग माझ्या वर्गाला लागून. मधली भिंत पातळ, त्यामुळे त्यांचा निम्मा भूगोल माझ्या मुलांना फुकटात मिळायचा. एकदा पलीकडे इतका गलका झाला की मी तणतणत गेले. बघते तर दोन पोरं एक सोलापुरी चादर दोन टोकांना धरून झटकताहेत आणि सर मधे उभे. "लाट हिथनं तिथं गेली. चादर गेली का?" पोरं म्हणाली, नाही. "मग काय गेलं?" मागच्या बाकावरचा एकजण म्हणाला, "हलणं गेलं, सर." सर इतके खूश झाले, की त्याला त्यांनी ती चादर घरी न्यायला दिली. चादर शाळेची होती. ती परत मिळवायला मला दोन दिवस लागले.

तासानंतर मी विचारलं, "सर, समुद्र कधी पाहिलाय का हो तुम्ही?"

"नाही की."

"मग एवढं ठासून कसं सांगता?"

"तुम्ही कवितेत मरण शिकवता की, जोशीबाई. बघितलंय?"

असा माणूस. बारीक अंगकाठीचा, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, धुतलेला पण कधीच इस्त्री न केलेला पांढरा शर्ट. घरी कानडी, शाळेत मराठी, आणि रागावले की कुठली भाषा हे त्यांनाही कळत नसे. आयुष्यात पाहिलेलं सर्वांत मोठं पाणी म्हणजे सिद्धेश्वराचं तळं. तरीही जगातल्या कुठल्या किनाऱ्यावर किती पाऊस पडतो, हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील. त्यांच्या लेखी जगात दोनच प्रकारची गावं होती, पावसाची आणि बिनपावसाची. सोलापूर कुठल्या यादीत, ते सांगायला नकोच.

बाहत्तरच्या दुष्काळात तर कहर झाला. शाळेच्या मागच्या अंगणात एक पर्जन्यमापक होतं, म्हणजे साधा पत्र्याचा नळा, आत बाटली. सर रोज सकाळी शाळा भरायच्या आधी तिथं जात, बाटली डोळ्यांसमोर धरत आणि वहीत शून्य लिहीत. महिनोन्‌महिने शून्य. आमचा शिपाई बिरू सांगोल्याकडचा, धनगराच्या घरचा. घरची मेंढरं चारा नाही म्हणून लांब मुलखात गेलेली. तो एक दिवस न राहवून म्हणाला, "सर, पडलाच न्हाय त्यो कशापायी लिवताय?"

सर म्हणाले, "पडला नाही हे पण मोजायला लागतं, बिरू. नाहीतर उद्या लोक म्हणतील, आम्ही बघितलंच नव्हतं."

मला तेव्हा ते हसू येण्यासारखं वाटलं होतं. आता वाटत नाही.

त्यांची मुलगी गिरिजा माझीच विद्यार्थिनी. आई ती सातवीत असताना गेली, पुढं बापानंच वाढवली. पोरगी हुशार आणि भांडकुदळ. निबंधाला अर्धा गुण कमी दिला, तर मधल्या सुट्टीत स्टाफरूमच्या दारात हजर. "बाई, हे वाक्य चूक कसं ते सांगा." सांगितलं तरी पटायचं नाही. मी तिच्यावर चिडायची आणि ती गेली की मला हसू फुटायचं. तिचं लग्न झालं एका डॉक्टरशी, चंद्रशेखर नाव. मुलगा विजापूरकडचा, विलायतेत बर्मिंगहॅमला दवाखान्यात नोकरीला. गिरिजा म्हणत होती, इतकं लांब नको. सरांनीच समजूत घातली. स्थळ चांगलं, माणसं चांगली, आणि वर पुन्हा म्हणाले, "अगं, तिकडं बारा महिने पाऊस असतो." मला वाटतं, त्यांच्या मते ह्यापुढं बोलण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

ती गेली आणि वर्षभरात तिची पत्रं आटली. सुरुवातीला निळ्या हवाई पत्राच्या घड्यांवरसुद्धा आडवंतिडवं लिहिलेलं असायचं. मग अर्धं पान. मग चार ओळी. दुष्काळ अजून सरला नव्हता, तेव्हा एके दिवशी मार्चमध्ये सर माझ्या टेबलाशी आले आणि पत्र पुढं ठेवलं. "बाई, तुम्ही भाषा शिकवता. ह्यात काय आहे ते सांगा."

पत्र मुख्यतः जावयाचं होतं; बोलणं कानडी असलं तरी ह्या घरात लिहिणं मराठीतच. सभ्य माणूस, अक्षर सुद्धा सभ्य. लिहिलं होतं की मे महिन्यात आठवड्याची रजा मिळते आहे, गिरिजाला जरा बदल हवा. दवाखान्यातले मित्र दोन ठिकाणं सुचवतात. एक, इंग्लंडच्या पार नैर्ऋत्य टोकाचा कॉर्नवॉलचा किनारा. दुसरं, वेल्सचा वायव्येकडचा किनारा. दोन्हींची माहितीपत्रकं सोबत पाठवली आहेत. गिरिजाला विचारलं तर म्हणते, अप्पांना विचारा. तेव्हा तुम्हीच ठरवा. शेवटी एक वाक्य होतं, "गिरिजाचं इंग्रजी आता चांगलं सुधारलं आहे, घरात आम्ही दुसरं काही बोलतच नाही." खाली गिरिजाच्या चार ओळी. मी बरी आहे. थंडी कमी झाली आहे. तुम्ही तब्येत सांभाळा. काळजी करू नये.

मी दोनदा वाचलं. शुद्धलेखनाची एक चूक नव्हती. मी म्हटलं, "सर, खरं सांगू? हे गिरिजानं लिहिलेलं वाटत नाही."

"हौद्री, खरंय," सर म्हणाले. "अक्षर तिचं आहे. पण 'अप्पांना विचारा' असं ती जन्मात कधी म्हणाली नाही. 'अप्पांना सांगते' म्हणायची." मग खुर्चीवर बसले आणि बराच वेळ पत्राची घडी घालत, उलगडत राहिले. "मीच पाठवली हो तिला. आता एवढं एक तिनं माझ्यावर सोडलंय. ह्या आठ दिवसांत तिचा जीव रमला तर ठीक. नाहीतर मी तिला परत ये म्हणून लिहिणार. लोक काय म्हणायचं ते म्हणोत."

एवढ्या लांबच्या पोरीचं मन दोन रंगीत कागदांवरून ओळखायचं, आणि तेही समुद्र न पाहिलेल्या माणसानं.

पण एकदा विषय हातात आल्यावर सर हटणारे नव्हते. पुढचे पंधरा दिवस आमच्या स्टाफरूममध्ये दुसरा विषय नाही. माहितीपत्रकं टेबलावर पसरलेली. दोन्हीकडे निळंशार पाणी, दोन्हीकडे पिवळी वाळू, दोन्हीकडे हसणारी गोरी पोरं. मी म्हटलं, "कॉर्नवॉल. सरळ आहे. बघा कसं ऊन पडलंय."

"ही निवडून काढलेली चित्रं, बाई. लग्नाला दाखवायच्या फोटोसारखी. ह्यावरनं संसार कसा ओळखायचा?"

मग ग्रंथालयातला जुना विश्वकोश आला. त्याची पानं वाळवीनं खाल्लेली, त्यातून जे उरलं ते सर भिंगानं वाचत. कॉर्नवॉलला हवा उबदार, उघडा समुद्र, मासेमारी, जुन्या कथिलाच्या खाणी. वेल्सला डोंगर अगदी समुद्राला येऊन टेकलेले, मेंढरं, पाटीच्या दगडाच्या खाणी. "म्हणजे आपली मुलं ज्यावर अआइई गिरवतात, तो दगड," सर म्हणाले आणि एका पोराची पाटी मागवून ती बराच वेळ उलटसुलट पाहिली. ती पाटी तिथली नव्हती, हे त्यांनाही माहीत होतं. पण बघायला काय जातं, असं त्यांचं म्हणणं.

एक दिवस उत्साहानं आले. "बाई, हे ऐका. दोन्हीकडची जुनी माणसं एकाच कुळीची. केल्ट म्हणतात त्यांना. इंग्रज नव्हेत. ह्यांच्या आपल्या भाषा होत्या. कॉर्नवॉलची भाषा गेली, बोलणारं कुणी राहिलं नाही. वेल्सची अजून आहे. घरात ती बोलतात, बाजारात इंग्रजी."

"मग तुमच्यासारखीच की माणसं," मी म्हटलं. "घरात कानडी, बाजारात मराठी."

त्यांनी विश्वकोश मिटला. हे त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं असं नाही, पण कुणी मोठ्यानं बोलावं ह्याची वाट बघत असावेत.

बिरूलाही विचारलं. सगळं ऐकून घेऊन तो म्हणाला, "मेंढरं कुटं जास्त हायती?"

"वेल्सला. माणसांपेक्षा जास्त."

"मग तितंच धाडा की. मेंढरं हाय तितं चारा हाय, चारा हाय तितं पाणी हाय. लई इचार कशाला करायचा?"

तरी मन होईना म्हणून सरांनी नववीच्या वर्गात मत घेतलं. फळ्यावर दोन नावं लिहिली. एकाखाली लिहिलं, ऊन. दुसऱ्याखाली लिहिलं, पाऊस, आणि आकडा. तो आकडा बघून मागच्या बाकावरची पोरं उठून उभी राहिली असं सर सांगत. त्या साली ही पोरं पहाटे घागर घेऊन नळाच्या रांगेत उभी राहून शाळेला यायची. सरांनी विचारलं, "सुट्टीत मजेला जायचं, तर कुठं जाल?" सगळे हात पावसाला. एकच हात उन्हाला. पद्मा म्हणून शहराच्या पूर्व भागातल्या विणकरवस्तीतली मुलगी होती, घरी तेलुगू बोलणारी. वडलांचं सूत रंगवायचं काम. ती म्हणाली, "सर, पावसात सूत वाळत नाही. घरात बसून राहावं लागतं. घरात बसून सगळे एकमेकांवर ओरडतात."

वर्ग हसला. सरही हसले. आणि त्याच दिवशी जावयाला पत्र लिहिलं. मला वाचून दाखवलं. चार मुद्दे होते, पण सार एवढंच की वेल्सला जा, कारण तिथं पाऊस सर्वांत जास्त पडतो.

माझ्याही मनात शंका आली नाही, हे कबूल करते. आमच्यापैकी कुणाच्याच मनात आली नाही. कुणाला वाटेल, पाऊस असतो तिथं माणसं सुट्टीला जात नाहीत म्हणून?

जून उजाडला, शाळा सुरू झाली, आणि जावयाचं पत्र आलं. ह्या वेळी अक्षर तितकंसं सभ्य नव्हतं. सात दिवस गेलो, सात दिवस पाऊस. समुद्र दिसलाच नाही, धुकं दिसलं. किनाऱ्यावर एक दिवस पंधरा मिनिटं उभं राहता आलं. बाकी वेळ एका लहानशा खाणावळीच्या माडीवरच्या खोलीत. दवाखान्यातले सहकारी हसतात, म्हणतात, तिकडे जायचा सल्ला दिला कुणी? इथले लोक ऊन शोधत जातात. आपण हे कसं सुचवलंत, कळत नाही. गिरिजाच्या ओळी नव्हत्या. एकही नव्हती.

सर दुसऱ्या दिवशी शाळेत आले नाहीत. माझ्या नोकरीत त्यांची ती पहिली रजा. त्या आठवड्यात पर्जन्यमापकात थोडं पाणी आलं होतं. बिरूनं डोळ्यांसमोर बाटली धरून वहीत मोडक्या अक्षरात आकडा लिहिला आणि वही त्यांच्या घरी नेऊन दाखवली. परत येऊन म्हणाला, "बगितलं बी न्हाय वो सरांनी." तेव्हा मात्र मला भीती वाटली. संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले. सर ओसरीवर बसले होते, पुढ्यात कोरं हवाई पत्र. "परत ये म्हणून लिहायचंय," म्हणाले. "भूगोलानं बुडवलं हो, बाई. जगाचा पाऊस मोजला आणि माणसाला काय हवं ते माहीत नाही मला. ती तिथं आठ दिवस कोंडून पडली असेल, ह्याच बापामुळं."

मला समजूत घालता येत नाही, मी फटकळ आहे. मी म्हटलं, "तिचं पत्र येऊ दे आधी. तिच्या वतीनं तुम्ही किती वेळा ठरवणार?" हे लागलं त्यांना. पण त्यांनी पत्र लिहायचं थांबवलं.

दहा दिवसांनी गिरिजाचं पत्र आलं. सर ते घेऊन थेट माझ्या वर्गाच्या दारात. मी मुलांना 'वाचत बसा' म्हणून सांगितलं आणि व्हरांड्यात उभं राहून वाचलं. जागा पुरली नव्हती, तर पत्त्याच्या बाजूवरसुद्धा लिहिलं होतं.

"अप्पा," तिनं लिहिलं होतं, "तुम्ही साफ चुकलात. सुट्टीला पावसात जायचं असतं असं फक्त सोलापूरचा माणूस म्हणू शकतो. तीन दिवस मी खिडकीतून पाणी बघत बसले. चांगलं वाटत होतं, पण हे तोंड पाडून बसले होते. खाली स्वयंपाकघरात घरमालकीण असायची. ती नवऱ्याला तिच्या भाषेत अशी झापायची, की काही कळत नसलं तरी सगळं कळायचं. तेवढ्यात आम्ही जिन्यात दिसलो, की वळून इंग्रजीत गोड बोलायची, आणि पुन्हा नवऱ्याकडे वळून चालू. मला वाटलं, इथं तर आपल्या भाषेत भांडलेलं चालतं. चौथ्या दिवशी हे म्हणाले, तुझ्या वडलांनी रजा वाया घालवली. इंग्रजीत म्हणाले. मी कानडीत सुरू झाले. वर्षभराचं सगळं काढलं. म्हटलं, तुमच्या इंग्रजीत मला फक्त 'बरी आहे' म्हणता येतं. रडता येत नाही, चिडता येत नाही, म्हणून मी वर्षभर बरीच आहे. बाहेर पाऊस, त्यामुळे त्यांना उठून जायला जागा नव्हती. आधी म्हणाले, सुम्मन कूड. मी गप्प बसले नाही. मग तेही कानडीत आले. म्हणाले, दवाखान्यात माझ्या उच्चारांना हसतात, म्हणून मी घरी सराव करतो, तुला काय वाटलं, मला हौस आहे? हे मला त्यांनी कधी सांगितलंच नव्हतं, अप्पा. आम्ही इतकं भांडलो, की मालकीणबाई दार वाजवून विचारायला आली. पुढचे तीन दिवसही पाऊसच होता. आम्ही बोलतच होतो. त्यांनी तुम्हाला रागाचं पत्र परत आल्याबरोबर लिहून टाकलं, मी त्यावर एक ओळ लिहायला नकार दिला, त्यावरून पुन्हा भांडण झालं. आता मी जवळच्या शाळेत लहान मुलांना सांभाळायच्या कामासाठी अर्ज करणार आहे. ते नको म्हणतात. मी करणार आहे."

मी पत्र खाली केलं. सर भिंतीला टेकून उभे होते.

"भांडली की हो, बाई," ते म्हणाले. "माझी पोरगी भांडली."

आत वर्गात मुलं वाचत नव्हती, ती दाराकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पद्माला वर्गात उभं केलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं की हिचं बरोबर होतं, माझं चुकलं, पावसात माणसं घरात बसून एकमेकांवर ओरडतात. एकानं विचारलं, मग सर, तुमच्या मुलीची सहल वाया गेली का? सर म्हणाले, "सहल गेली." आणि फळा पुसायला वळले.

त्यानंतर दोनेक वर्षांनी गिरिजा आणि चंद्रशेखर महिनाभर आले होते. मी त्यांच्याकडे जेवायला गेले, तेव्हा बापलेकीचं आणि नवराबायकोचं मिळून कानडीत असं काही चाललं होतं, की मी आपली ताटातल्या भाकरीकडे बघत बसले. ते परत निघाले त्या दिवशी मी स्टेशनवर गेले होते. गाडी सुटायला दोन मिनिटं, आणि ह्या दोघांचं जुंपलेलं. शेंगाचटणीचा डबा हातात ठेवायचा की ट्रंकेत, ह्यावरून. ट्रंकेत ठेवला तर तेल कपड्यांना लागेल, हातात ठेवला तर विमानतळावर विचारतील. चंद्रशेखर खिडकीच्या गजांतून हात बाहेर काढून सासऱ्यांना मुद्दा पटवून देत होता, गिरिजा त्याच्या खांद्यावरून पुढं झुकून तोच मुद्दा खोडत होती. अप्पा, नमस्कार, असं म्हणायची कुणाला आठवण नव्हती. गाडी हलली. सर खिडकीबरोबर चालायला लागले, मग भरभर, मग धावायला लागले असं म्हटलं तरी चालेल. फलाट संपला तिथं थांबले.

मी धापा टाकत मागून गेले. ते शर्टाच्या बाहीनं डोळे पुसत होते. मी म्हटलं, "सर, असं काय करता? सुखात आहेत ती दोघं. येतील पुन्हा."

"त्यासाठी नाही हो," सर म्हणाले. गाडीचा शेवटचा डबा अजून दिसत होता, त्याच्याकडेच बघत होते. "पोरीनं चांगला मुद्दा काढला होता. शेवट ऐकू आला नाही."